सीईटी झाली, निकाल बाकी आहे: १२४ मार्कांना किती पर्सेंटाइल?

इंजिनिअरिंग प्रवेशाची राज्याची सीईटी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स म्हणजे पीसीएम गटाची) दिलेल्या नाशिकच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय, थोडक्यात असं: "सर, पीसीएमची सीईटी सकाळच्या शिफ्टला दिली. गणित फार लांबलचक होतं. आठवून आठवून मोजले तर १२४ च्या आसपास होतात. क्लासच्या ग्रुपवर जो तो १४०-१५० सांगतोय. मार्क टाकून बघितले तर एक ऑनलाइन प्रेडिक्टर ९१ पर्सेंटाइल दाखवतो, दुसरा ९६. मला आडगावच्या किंवा पंचवटीतल्या कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मिळेल का? बाबा म्हणतात निकालाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, ओळखीच्या माणसाकडून सीट बुक करून टाकू. सोमवारी त्याला टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायचंय. काय करू?"

मी कॉलेज रोडला बरीच वर्षं अकरावी-बारावीचं गणित शिकवतो. सीईटी संपली की वर्गात शिकवण्यापेक्षा हेच प्रश्न जास्त येतात. तुझ्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकात एक अडकलेत: मार्क किती पडतील, त्या मार्कांना पर्सेंटाइल किती, आणि त्या पर्सेंटाइलला कॉलेज कुठलं. प्रत्येक पायरीवर अंदाज आहे, आणि पहिल्या पायरीवरची चूक पुढच्या दोन पायऱ्यांवर वाढत जाते. बाबांचं टोकन या तिन्ही पायऱ्यांच्या डोक्यावर उभं आहे. म्हणून सोमवारचं आधी सांगतो. टोकन देऊ नका. कारण शेवटाकडे येईलच, पण बाबांना आज रात्रीच सांग की सरांनी थांबायला सांगितलंय.

आता मार्क. तू २०० पैकी १२४ म्हणतोस. हा आकडा कसा काढलास ते लिहिलेलं नाहीस, पण बहुतेक मुलं कसा काढतात ते मला ठाऊक आहे. सेंटरवरून बाहेर पडल्यावर मित्रांशी उत्तरं ताडून बघायची, जुळली ती बरोबर धरायची, उरलेल्यांत "अर्धे तरी येतील" म्हणायचं. हे मोजणं नव्हे.

माझ्याकडे आलेल्या मुलांना मी कोरा कागद देऊन प्रत्येक विषयासाठी तीन रकाने करायला लावतो. पहिल्यात खात्रीचे प्रश्न, म्हणजे पूर्ण सोडवून उत्तर आलं आणि ते पर्यायात सापडलं असे. दुसऱ्यात दोन पर्यायांवर येऊन अडकलेले. तिसऱ्यात निव्वळ तुक्के. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शहाणा मुलगा एकही प्रश्न कोरा सोडत नाही. म्हणून तिसरा रकाना कधीच रिकामा नसतो, आणि घरी सांगताना तोच रकाना सगळे गाळतात.

समजा तुझे आकडे असे आहेत. फिजिक्समध्ये खात्रीचे २६, दोनात अडकलेले १२, तुक्के १२. केमिस्ट्रीत ३०, १०, १०. गणितात २१, १२, १७. खात्रीचे सगळेच्या सगळे बरोबर निघत नाहीत. घाईत चिन्ह चुकतं, एकक चुकतं, "कोणते विधान चुकीचे आहे" असं विचारलेलं असताना बरोबर विधानावर क्लिक होतं. दहातला एक जातो असं मी धरतो, आणि हे मुलांना सर्वांत जास्त झोंबतं. दोनात अडकलेल्यांतले निम्मे, तुक्क्यांतले पाव. या हिशेबाने फिजिक्सचे साधारण ३२, केमिस्ट्रीचे ३४-३५, आणि गणिताचे २९ प्रश्न बरोबर येतात. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क, बाकी दोन विषयांना एक, म्हणजे गणिताचे ५८. बेरीज १२५. तुझ्या १२४ च्या अगदी जवळ.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हेच तीन रकाने, हेच आकडे असलेल्या शंभर मुलांना पेपर दिला असता तर सगळ्यांना १२५ पडले नसते. कुणाचे तुक्के लागले असते, कुणाचे नसते. संभाव्यतेचं साधं गणित केलं तर अशा मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश ११८ ते १३२ च्या दरम्यान येतात. उरलेली त्याच्या खाली किंवा वर, काही तर थेट १११ पर्यंत किंवा १३९ पर्यंत. आणि या साऱ्या हेलकाव्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या गणितातून येतो, कारण तिथला लागलेला वा हुकलेला प्रत्येक तुक्का दुप्पट मोजला जातो. तेव्हा तुझा स्कोअर १२४ नाही. तुझा स्कोअर "११८ ते १३२, थोडं इकडेतिकडे" असा आहे. घरात, नातेवाइकांत, सोसायटीत कुणीही विचारलं तरी हाच पट्टा सांग. लोकांना एक आकडा हवा असतो, तो देण्याची तुझ्यावर सक्ती नाही.

परीक्षा घेणारा सरकारी सीईटी सेल नंतर तुमच्या लॉगिनमध्ये प्रश्नपत्रिका, तुम्ही नोंदवलेली उत्तरं आणि उत्तरतालिका उपलब्ध करून देतो. ते हातात आलं की हा पट्टा मिटतो आणि मार्क जवळपास पक्के कळतात. तोवर आठवणीवरून पाच-पाच वेळा मोजत बसू नकोस. मोजणीगणिक आकडा दोन-तीन मार्कांनी वर सरकतो असं मी पाहिलंय, खाली सरकलेला क्वचित.

दुसरी पायरी, पर्सेंटाइल. इथे पालकांची गल्लत होते, पण मुलांचीही कमी होत नाही. ९४ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९४ मार्क नव्हेत. तुझ्या शिफ्टला बसलेल्यांपैकी किती जणांचे मार्क तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी आहेत, त्याला शिफ्टच्या एकूण परीक्षार्थींनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. झालं पर्सेंटाइल. सात दशांश स्थळांपर्यंत काढतात, बरोबरी कमीत कमी व्हावी म्हणून. यात कळीचा शब्द "तुझ्या शिफ्टला" हा आहे, कारण परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते आणि दर शिफ्टचा पेपर वेगळा असतो.

उदाहरण घेऊ. समजा तुझ्या शिफ्टला २०,००० मुलं होती, पेपर अवघड होता, आणि तुला १२८ पडले. १२८ किंवा त्याहून कमी मार्क असलेली १९,३०० निघाली. तुझं पर्सेंटाइल ९६.५. तुझ्या मित्राची शिफ्ट दोन दिवसांनी, मुलं तेवढीच, पेपर सोपा. त्याला १३७ पडले, पण सोप्या पेपरात १३७ च्या वरही पुष्कळ जण गेले. १३७ किंवा कमी असलेली १९,१०० च निघाली. त्याचं पर्सेंटाइल ९५.५. नऊ मार्क जास्त, पर्सेंटाइल एकाने कमी. हे वाचताना सोपं वाटतं, पण ग्रुपवर कुणी "१५०" टाकलं की पोटात गोळा येतोच. तो १५० कुठल्या शिफ्टचा, हे कुणी लिहीत नाही.

माझ्या वर्गातली एक जोडी चांगली लक्षात आहे. दोघी सिडकोतल्या, एकाच रिक्षाने यायच्या. एकीची शिफ्ट सोपी गेली, तिने १४० च्या पुढे मोजले आणि आईने शेजारी पेढे दिले. दुसरीने रडत रडत १२० च्या आसपास सांगितले आणि फॉर्म भरायला यायचंच बंद केलं. निकाल लागला तेव्हा रडणारी पाऊण पर्सेंटाइलने पुढे होती. दोघींचाही मार्कांचा अंदाज फारसा चुकला नव्हता. चुकलं होतं ते दोन वेगळ्या पेपरांचे मार्क शेजारी शेजारी ठेवणं.

"पण सर, आमच्याच शिफ्टला सगळी हुशार मुलं आली असतील तर?" हाही प्रश्न दरवर्षी असतो. या पद्धतीचं गृहीतक असं की शिफ्ट वाटताना मुलं मिसळून जातात, त्यामुळे प्रत्येक शिफ्टमधला हुशार-मध्यम-कच्च्यांचा मेळ साधारण सारखाच असतो. हजारो मुलांच्या शिफ्टला हे गृहीतक बऱ्यापैकी टिकतं. अगदी काटेकोर टिकतं असं मी म्हणणार नाही. पण फरक पडलाच तर तो कुठल्या दिशेने पडेल हे तुला-मला आधी सांगता येत नाही, मग त्यावर झोप घालवण्यात काय हशील?

कधी कधी घोळही होतो, आणि तो लपवून उपयोग नाही. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. असं काही झालं तर सीईटी सेल अधिकृत सूचना काढतो. ती वाचायची. "आमच्या शिफ्टला बोनस मिळणार" ही व्हॉट्सअॅपवरची बातमी सूचना निघेपर्यंत बातमी नसते.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवतो, कारण निकालाच्या दिवशी यावरून माझा फोन वाजतो. निकालपत्रावर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचं वेगवेगळं पर्सेंटाइल असतं आणि शेवटी एकूण. मुलं तिघांची सरासरी काढतात, ती एकूणशी जुळत नाही, आणि "निकाल चुकलाय" म्हणून गहजब. निकाल बरोबर असतो. एकूण पर्सेंटाइल हे तीन पर्सेंटाइलांची सरासरी काढून येत नाही. २०० पैकी एकूण मार्कांवर मुलांची पुन्हा नव्याने रांग लावतात. तिन्ही विषयांत बरा असलेला मुलगा एकूणात अनेकदा तिन्ही आकड्यांहून पुढे जातो, कारण एका विषयात त्याच्या पुढे असलेली मुलं दुसऱ्यात मागे पडलेली असतात.

आता तुझे प्रेडिक्टर. एक ९१ म्हणतो, दुसरा ९६. यांतला खरा कुठला असं तू विचारतोस. दोघांपैकी एकालाही तुझ्या शिफ्टमधल्या बाकीच्या मुलांचे मार्क माहीत नाहीत. पर्सेंटाइल काढायला तीच एक गोष्ट लागते. मग ते करतात काय? मागच्या वर्षी मुलांनी स्वतःहून कळवलेले मार्क आणि पर्सेंटाइल यांचा तक्ता बनवतात, त्यात तुझा आकडा बसवतात, आणि "शिफ्ट अवघड" वर क्लिक केलंस तर अंदाजे दोन-चार वाढवतात. त्यातून तू टाकलेला १२४ हाच मुळात पट्टा आहे. मधल्या मार्कांच्या भागात मुलांची गर्दी दाट असते, तिथे पाच-सात मार्क इकडेतिकडे झाले तर पर्सेंटाइल बरंच हलतं. तेव्हा ९१ आणि ९६ हे भांडण नाहीच. तुझ्या पट्ट्याची ती जवळपास दोन टोकं आहेत.

ग्रुपवरच्या पोलचंही तेच. निफाड-दिंडोरीकडची मुलं माझ्याकडे असतात, त्यांना मी बागेवरून सांगतो. द्राक्षाचा माल किती निघेल हे बघायला व्यापारी आला आणि रस्त्याकडेच्या चार वेलींवरचे घड मोजून त्याला एकराने गुणलं, तर त्याचा अंदाज फसणार, कारण कडेच्या वेलींना ऊन जास्त आणि मालही वेगळा. ग्रुपवर मार्क टाकणारी मुलं म्हणजे त्या कडेच्या वेली. ज्याचा पेपर बरा गेला तो बोलतो. ८० पडतील असं वाटणारा मुलगा ग्रुप म्यूट करून घरी पडलेला असतो, आणि पर्सेंटाइलच्या भागाकारात तोही मोजला जातो. म्हणून पोलमध्ये तू शंभरातला साठावा दिसलास तरी शिफ्टमध्ये तू कितीतरी वर असू शकतोस.

फुकटच्या प्रेडिक्टरबद्दल एक आडवं बोलतो. मार्क टाकण्याआधी त्याने मोबाइल नंबर मागितला होता ना? ओटीपी पण? मग तो नंबर पुढे कुणाकुणाकडे जात असेल याचा जरा विचार कर. सगळेच तसे असतात असं नाही. पण सीईटीनंतरच्या आठवड्यात अॅडमिशनवाल्यांचे फोन सुरू होतात ते काही आकाशातून पडत नाहीत.

जे नीटची तयारी करतायत त्यांच्यासाठी दोन ओळी. नीट एकाच दिवशी, एकाच वेळेत, ७२० मार्कांची होते, त्यामुळे तिथे शिफ्टचं गणित नाही, मार्क थेट मोजले जातात. पण "अमुक मार्कांना तमुक रँक" हा मागच्या वर्षीचा तक्ता तिथेही फसवतो. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये पेपर इतका कठीण निघाला की देशात सर्वाधिक मार्क ६८६ होते. २०२४ चा तक्ता समोर धरून २०२५ ची मुलं हातपाय गाळून बसली होती, आणि रँक पाहिल्यावर त्यांच्याच जिवात जीव आला.

तिसरी पायरी, कॉलेज. इथे परिस्थितीनुसार उत्तर इतकं बदलतं की तुझी कॅटेगरी, घरचं उत्पन्न आणि बारावीचा बोर्ड निकाल कळल्याशिवाय मी नाव घेऊन "मिळेल" किंवा "नाही" म्हणणार नाही. पण कटऑफ, म्हणजे जागा मिळालेल्या शेवटच्या मुलाचा आकडा, वाचायचा कसा ते सांगतो, कारण तो बहुतेक जण चुकीचा वाचतात.

सीईटी सेलच्या कटऑफ यादीत प्रत्येक जागेच्या प्रकारासमोर दोन आकडे असतात: मेरिट नंबर आणि पर्सेंटाइल. सगळे पर्सेंटाइल बघतात. तू मेरिट नंबर बघ. परीक्षेला तीन लाख मुलं बसली तर ९५ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे १५,००० मुलं असतात. चार लाख बसली तर त्याच ९५ च्या पुढे २०,०००. कॉलेजातल्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून "मागच्या वर्षी ९५ ला बंद झालं, मला ९५ आहेत, मिळणार" हा हिशेब परीक्षार्थी वाढले की कोसळतो. मेरिट लिस्टमध्ये फक्त कॅपसाठी, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, नोंदणी केलेलीच मुलं असतात हेही ध्यानात ठेव. त्यामुळे परीक्षेतल्या स्थानापेक्षा मेरिट नंबर बराच बरा येतो.

मग ते सांकेतिक अक्षरांचं जंगल. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा, मध्ये कॅटेगरी, शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाचं त्याच विद्यापीठाच्या भागातली मुलं, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. नाशिकच्या मुलांना हे नीट समजलं पाहिजे, कारण आपण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतो. नाशिक, अहिल्यानगर, पुणे हा एकच पट्टा. म्हणजे पुण्यातल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतही तू होम युनिव्हर्सिटीचाच आहेस, तुला एचचा कटऑफ लागतो. उलट पुण्यातल्याच सीओईपीसारख्या ठिकाणी राज्यस्तरावर जागा भरतात, तिथे नाशिककर असण्याचा फायदा नाही. मुंबईच्या संलग्न कॉलेजात तू ओ. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं मुंबईच्या कॉलेजचा एचचा कटऑफ बघून खूश किंवा दुःखी झालेली असतात. टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफी) आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटक) ओळी वेगळ्या, त्या तुला लागू आहेत का ते आधी बघ.

तुझ्या पट्ट्याला याचा उपयोग असा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या घे, पहिल्याच नव्हे तर शेवटच्या फेरीच्याही. तुझ्या वाट्याची ओळ शोध. पट्ट्याच्या वरच्या टोकाला काय लागतं आणि खालच्या टोकाला काय, अशी दोन टोकं लिहून ठेव. आडगाव, पंचवटी, गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, जिथे जिथे जायची तयारी आहे त्या सगळ्यांची. कॉम्प्युटरबरोबर आयटी, एआय-डेटा सायन्स, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) याही शाखा घे. खालच्या टोकालाही जे लागतंय ते तुला चालणार असेल तर आत्ता घाबरण्यासारखं काहीच नाही.

पसंतीक्रम भरताना हा अंदाज मधे आणू नकोस. आधी जिथे जायचंय ते, मग त्याच्या खालोखालचं. "मिळणार नाही म्हणून वर टाकलं नाही" हे मी दरवर्षी ऐकतो, आणि मग त्याच कॉलेजात आपल्यापेक्षा मागचा मुलगा लागलेला बघावा लागतो. वरची पसंती मिळाली नाही तर यंत्रणा खालच्या पसंतीकडे जाते, वर लिहिल्याबद्दल दंड नाही. पण एक अट आहे: पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. आणि २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत, त्यांत पुढच्या फेऱ्यांना ही सक्ती पहिल्या तीन, मग पहिल्या सहा पसंतींपर्यंत जाते. म्हणून नको असलेलं कॉलेज "असू दे" म्हणून वरच्या जागी टाकायचं नाही. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच फॉर्म भर, माझं ऐकूनही नाही.

निकालापर्यंतचे दिवस कशात घालवायचे? कागदपत्रांत. हे कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही, आणि जास्तीत जास्त नुकसान इथेच होतं. दोन पर्सेंटाइल कमी पडल्याने कॉलेज खाली येतं, पण जातवैधता प्रमाणपत्र नसल्याने कॅटेगरीची जागाच हातातून जाते. ओबीसी, व्हीजेएनटी असशील तर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ना ते बघ. मागच्या वर्षी काढलेलं चालेल असं धरून चालू नकोस. ईडब्ल्यूएस, उत्पन्न, डोमिसाइल यांचे अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर आत्ताच टाक, नंतर सेतूवर झुंबड असते. पेठ, सुरगाणा, कळवणकडची मुलं हे वाचत असतील तर जमात पडताळणीचं कार्यालय नाशिकलाच आहे, प्रकरण अडकलं असेल तर आत्ता जाऊन बसा. आणि बारावीला पीसीएममध्ये खुल्या गटाला किमान ४५ टक्के लागतात, आरक्षित गटाला ४०. सीईटीत ९६ आणून बोर्डात अडकलेला मुलगा मी पाहिलाय, म्हणून सांगतो.

रिपीट करायचं का? आत्ता या प्रश्नाला हात लावू नकोस. कॅपची पहिली यादी लागेपर्यंत तुला काय सोडायचंय हेच माहीत नाही.

आता टोकन. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत साधारण वीस टक्के जागा संस्थास्तरावर भरतात, हे खरं आणि कायदेशीर आहे. पण त्यांचीही जाहिरात निघते, अर्ज मागवतात, गुणवत्तेने यादी लागते. निकालाच्या आधी, मेरिट लिस्टच्या आधी, एखाद्या माणसाच्या हातात रोख देऊन "बुक" होणारी जागा या प्रक्रियेत कुठेच बसत नाही. ठरवून दिलेल्या शुल्काव्यतिरिक्त पैसे घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने मनाई आहे. कॉलेजात रीतसर भरलेली फी प्रवेश मुदतीत रद्द केल्यास एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नियमानुसार जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परत मिळते. पावती नसलेल्या टोकनाला असला कुठलाच नियम लागत नाही. बाबांना एवढंच विचार: तो ओळखीचा माणूस पावती कुणाच्या नावाची देणार, कॉलेजच्या की स्वतःच्या? पुढचं संभाषण आपोआप होईल. बाबा चुकीचे नाहीत, त्यांना भीती आहे की ग्रुपवरची सगळी मुलं पुढे जातील आणि तू मागे राहशील. वर लिहिलेली दोन टोकांची यादी त्यांच्यासमोर ठेव. मुलाकडे कागदावर हिशेब आहे हे दिसलं की बरेच वडील शांत होतात.

शेवटी तू तळटिपेत विचारलंस, गणिताच्या एका प्रश्नाचं उत्तर उत्तरतालिकेत चुकीचं निघालं तर आक्षेप घ्यायचा का. आक्षेपाला प्रत्येक प्रश्नामागे शुल्क आहे, म्हणून आधी बघ की त्यातून तुला काय मिळणार. तू दिलेलं उत्तर बरोबर आणि तालिकेतलं चूक असेल, तर घे, कारण तालिका बदलली की तू बाकीच्यांच्या पुढे सरकतोस. पण प्रश्नच चुकीचा आहे, तो रद्द करून सगळ्यांना मार्क द्या, अशी मागणी असेल तर थांब. सगळ्या शिफ्टला दोन-दोन मार्क मिळाले तर तुझे मार्क वाढतील, रांगेतली जागा फारशी हलणार नाही. उलट तालिकेप्रमाणे तुझं उत्तर बरोबर धरलं असेल तर ज्यांचं चुकलं ते येऊन तुला गाठतील. राज्य मंडळाच्या पुस्तकातलं पान किंवा पूर्ण सोडवलेलं उत्तर हातात असेल तरच पैसे भर. सोडवलेला कागद आधी मला दाखवलास तर उत्तम, संध्याकाळी सहानंतर मी क्लासवरच असतो.